काडीमोडाचा कागद आणि मध्यस्थाची जबाबदारी

नवराबायकोचे भांडण उंबरठ्याबाहेर आले की गावाला ते आपलेच वाटू लागते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांच्या कडेला असलेल्या जांभूळसारख्या गावात अशा भांडणाचा पहिला निवाडा न्यायालयात होत नाही. तो देवळाच्या ओट्यावर, ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या पडवीत होतो. दोन्हीकडची माणसे जमतात, मध्ये चार वजनदार गृहस्थ बसतात, चहा होतो (त्याचा खर्च बहुधा मुलीच्या बापाकडे असतो) आणि तासा-दोन तासांत एका बाईच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागतो. या चौघांत पुष्कळदा पक्षाचा कार्यकर्ताही असतो. लोक त्याला बोलावतात ते त्याच्यावर विश्वास आहे म्हणून, आणि ही गोष्ट भूषणावहच आहे. परंतु लोकांचा विश्वास असणे आणि मध्यस्थी करता येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. युनियनच्या वाटाघाटीत मुरलेला माणूस संसाराच्या वाटाघाटीतही तज्ज्ञ असतो, हा समज अनेक बायकांना महागात पडला आहे.

कारखान्याच्या वाटाघाटीत दुर्बल पक्षामागे संघटना असते. पंचांसमोर बसलेल्या सुनेमागे कोणती संघटना असते? माहेर, असे उत्तर येईल. ते तपासून पाहिले पाहिजे. जांभूळ हे आता निव्वळ शेतीचे गाव राहिलेले नाही. बारवी धरणाचे पाणी औद्योगिक विकास महामंडळाच्या जांभूळ येथील केंद्रात शुद्ध होऊन कारखान्यांना आणि शहरांना जाते, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या साऱ्या पट्ट्यात शहर जमिनीच्या शोधात गावांच्या अंगावर चालून आले आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. केंद्राने २००५ साली तो देशभर नेला. सासर सोडून परत आलेली बहीण पूर्वी भावाला ओझे वाटे, आता ती वाटेकरीही वाटते. म्हणून भर बैठकीत भाऊ जेव्हा “झाले गेले विसर आणि नांदायला जा” असे सांगतो, तेव्हा त्यात बहिणीचे हित किती आणि सातबाऱ्याची चिंता किती, हे मध्यस्थाला ओळखता आले पाहिजे. बाईच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण बाईच्या बाजूचा असतोच असे नाही.

समेट साधला नाही की पंच दुसऱ्या टोकाला जातात. मुद्रांकाच्या कागदावर काडीमोड लिहिला जातो, दोघांच्या सह्या किंवा अंगठे घेतले जातात, खाली पंचांच्या साक्षी आणि वर नोटरीचा शिक्का. बाईने भांडी, दागिने, असलाच तर थोडा रोख पैसा घ्यावा आणि पुढे पोटगी मागू नये, असे त्यात एक वाक्य असते. हा कागद हाती आला म्हणजे आपण मोकळे झालो असे दोघांनाही वाटते. वस्तुस्थिती काय आहे? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य ठेवला आहे हे खरे. परंतु अशी रूढी त्या समाजात जुनी, अखंड आणि निश्चित आहे हे जो ती सांगतो त्याने न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही तर शिक्क्यासकट तो कागद निरर्थक ठरतो. विवाह कायम राहतो, आणि कोणी दुसरे लग्न केले असेल तर ते अवैध ठरून द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हा अंगावर येतो.

याहून वाईट गोष्ट पोटगीची आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आले आहे. दोन्हींत एक तरतूद समान आहे: पतिपत्नी परस्परसंमतीने वेगळी राहत असतील तर पत्नीला पोटगी मिळत नाही. घटस्फोटितेला ही अडचण लागू नाही. आता पंचांच्या कागदाने काय होते ते पाहावे. तो कागद घटस्फोट म्हणून टिकत नाही, म्हणून बाई कायद्याने पत्नीच राहते. आणि दोघे राजीखुशीने वेगळे झाले असे त्याच कागदावर लिहिलेले असते, म्हणून नवऱ्याचा वकील तो पुढे करून पोटगीला हरकत घेतो. पोटगीचा हक्क कराराने सोडून देता येत नाही, असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतली आहे. तिचा आधार घेता येतो. पण तो घेण्यासाठी बाईला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. जो कागद तिला न्यायालयाच्या फेऱ्यांतून वाचवण्यासाठी लिहिला, तोच तिला तेथे नेतो. पंच मात्र तोवर दुसऱ्या बैठकीला गेलेले असतात.

मध्यस्थीला शिस्त हवी हे सरकारला कळले नव्हते असे नाही. १९८४ साली कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला, १९८९ साली पुणे आणि मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली, आणि त्यांत विवाह समुपदेशक नेमले गेले. समुपदेशकापुढे जे बोलले जाते ते गोपनीय राहावे, हे महाराष्ट्राच्या नियमांतच आहे. परंतु दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरासाठी कौटुंबिक न्यायालय स्थापणे या कायद्याने राज्य सरकारला बंधनकारक केले. त्याखालच्या वस्तीचे काय, ते सरकारच्या मर्जीवर ठेवले. म्हणजे शिस्तबद्ध समुपदेशन शहराला आणि ओट्यावरचे पंच गावाला, अशी विभागणी कायद्यानेच करून ठेवली. शिवाय त्या कायद्यातही एक खोट आहे. न्यायाधीश निवडताना विवाहसंस्थेचे रक्षण व्हावे अशी ज्यांची निष्ठा आहे अशांना निवडावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. विवाहसंस्था टिकवणे हे ज्याचे आधीच ठरलेले उद्दिष्ट आहे, तो मार खाणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे मोकळ्या मनाने कसे ऐकणार?

हाच दोष गावपातळीवर तंटामुक्त गाव मोहिमेत मोठा होऊन दिसतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्याने ही मोहीम सुरू केली, आणि अनेक गावांत जमिनीच्या बांधावरची जुनी भांडणे तिने मिटवली, हे मान्य केले पाहिजे. पण तंटा मिटला की गावाला पारितोषिक, असे गणित बांधले म्हणजे तक्रार करणारी बाई गावाच्या बक्षिसाच्या आड येणारी बाई ठरते. बांधाचा दगड दोन हात सरकवून तडजोड होते. मारहाणीची तडजोड कशी करायची? आठवड्यातून दोनदा मारतो त्याने एकदा मारावे, अशी?

न्यायालयेही या बाबतीत चाचपडत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या जुलैत विवाहितेच्या छळाच्या तक्रारी आधी जिल्हा पातळीवरच्या कुटुंबकल्याण समित्यांकडे पाठवाव्यात असा आदेश दिला. या समित्यांवर सामाजिक कार्यकर्ते, निवृत्त मंडळी आणि अधिकाऱ्यांच्या पत्नी यांना घ्यावे असे सुचवले होते. अधिकाऱ्याशी लग्न होणे ही कोणत्या शास्त्रातील पात्रता आहे? २०१८ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने हा भाग मागे घेतला. आणि २०२५ च्या जुलैत अलाहाबाद उच्च न्यायालयाने आखलेल्या जवळपास तशाच समित्यांना पुन्हा मान्यता दिली.

मग योग्य नमुना कोठे आहे? तो महाराष्ट्रातच आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे बसणारा कार्यकर्ता समाजकार्याचे शिक्षण घेतलेला असतो, आणि हिंसा थांबणे ही बोलणीची पूर्वअट मानली जाते, बोलणीचा विषय नव्हे. पुढे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली २००६ साली जे नियम झाले, त्यांत हेच तत्त्व आले. वादाशी हितसंबंध असलेल्या किंवा पक्षकारांच्या नात्यातल्या माणसाला समुपदेशक नेमता येत नाही, आणि आपण हात का उचलला याचे समर्थन नवऱ्याला समुपदेशनात करता येत नाही. या दोन नियमांनी गावातल्या बहुतेक बैठका मोजल्या तर किती उतरतील? पंच हा नवऱ्याचा चुलता असतो किंवा मतांचा धनी, आणि बैठकीचा निम्मा वेळ बाईने काय केले म्हणून मार बसला याच चर्चेत जातो.

कार्यकर्त्याने बैठकीला जाऊच नये असे याचे तात्पर्य काढणे चूक होईल. न्यायालयाच्या एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराचे कामही जाते. गरिबाला मध्यस्थी हवीच आहे. पण जायचे तर काही बंधने पाळून जावे. बाईशी आधी एकटीशी बोलावे, आणि ते बोलणे एखाद्या स्त्री कार्यकर्तीने करावे. नवऱ्याशी नाते, देणेघेणे किंवा निवडणुकीचा संबंध असेल तर बाजूला व्हावे. जे कानांवर आले ते चहाच्या टपरीवर जाऊ नये. मध्यस्थी फसली तर ती फसली एवढेच न्यायालयाला कळवावे, आत कोण काय बोलले ते नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले आहे. न्यायालयांसाठी जे मध्यस्थ तयार केले जातात त्यांना ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. वर्षानुवर्षे बैठका गाजवणाऱ्याला ४० तास जड वाटू नयेत. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात तीन मध्यस्थांच्या मंडळामार्फत सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे आणि परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीला त्यात जागा आहे. गावचे जुने पंच या दाराने नव्या नावाने आत येणार हे दिसतेच आहे. तेथे प्रशिक्षित स्त्रिया बसाव्यात, यासाठी आतापासून माणसे तयार करणे हे तालुका शाखांचे काम आहे.

कागदापुरते बोलायचे तर, काडीमोडाच्या कोणत्याही कागदावर कार्यकर्त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. दोघांना खरोखरच वेगळे व्हायचे असेल तर १९७६ पासून कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची वाट आहे. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत विधिसाहाय्य मिळते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज लिहून देणे आणि पहिल्या तारखेला तिच्याबरोबर जाणे, एवढे काम अंबरनाथ तालुक्यातील प्रत्येक शाखेला करता येण्यासारखे आहे.