दिवसाचे दोन जीबी कोणासाठी?

दुधाचा हिशेब आपण सगळ्याच जणी कॅलेंडरवर लिहितो. एखाद्या दिवशी अर्धा लिटर कमी घेतलं की चौकटीत खूण होते, आणि महिनाअखेर दूधवाल्याला दोन रुपयेही जास्त जात नाहीत. पण घरातल्या मोबाईलवर वर्षाला किती पैसे जातात, असं मला कोणी गेल्या गणपतीपर्यंत विचारलं असतं, तर मला काही सांगता आलं नसतं. रिचार्ज संपला की करायचा, एवढंच मला ठाऊक!

आमच्याकडे तीन फोन. ह्यांचा, माझा आणि सासूबाईंचा. तिन्हींवर एकच योजना, रोज दोन जीबी डेटा आणि अठ्ठावीस दिवसांची मुदत. का, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा सांगितलं, "वहिनी, सगळे हाच मारतात." आम्हीही तोच मारत राहिलो.

गौरी-गणपतीत खर्च वाढला. नेमका तेव्हाच सासूबाईंचा रिचार्ज संपला. मी मनाशी म्हटलं, घरात वायफाय आहे, त्यांचं व्हॉट्सअॅप चालतंच आहे, पुढच्या महिन्यात बघू. केवढी काटकसर केली, असं वाटून मी खूशही झाले. मुदत संपल्यावर आधी बाहेर जाणारे फोन बंद झाले आणि काही दिवसांनी येणारेही.

सासूबाईंची धाकटी बहीण पाटण तालुक्यात खेड्यावर राहते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन, व्हॉट्सअॅपचं नाव नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की दोघी बहिणींचं दहा मिनिटं बोलणं व्हायचं. ते थांबलं. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. दिवेलागणीला फोन मांडीवर घेऊन बसायच्या, मला वाटायचं भजन ऐकत असतील. शेवटी मावशींच्या मुलाचा ह्यांना फोन आला, "दादा, आठ दिवस झाले, आई विचारतेय, अक्का रागावली का?" मी सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, सणाचा खर्च झालेला. त्यात तुला कुठं सांगायचं?"

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! त्याच रात्री रिचार्ज केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर वही घेऊन बसले.

पहिली गोष्ट केली ती अशी. फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' असं सदर असतं. तिथे मोबाईलचा डेटा वेगळा आणि वायफायचा वेगळा दिसतो, शिवाय कुठल्या अॅपने किती खाल्ला तेही कळतं. आठवडाभर रोज रात्री तिन्ही फोनांचा मोबाईल डेटा मी वहीत टिपला. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, तेव्हा आम्हाला दिवसाला प्रत्येकी २०४८ एमबी मिळत होते. त्यांतले माझे सरासरी दोनशे खर्च होत, ह्यांचे साडेतीनशे, आणि सासूबाईंचे? देवळात गेल्या तर पाच-दहा. उरलेला सगळा रात्री बाराला वाया! शिल्लक दुसऱ्या दिवशी मिळत नाही. रोज दोन लिटर दूध घ्यावं, कपभर चहाला वापरावं आणि बाकीचं मोरीत ओतावं, तसा प्रकार.

तुमचा आठवडा माझ्यासारखाच असेल असं नाही. म्हणून एक ढोबळ अंदाज सांगते. नुसते निरोप, यूपीआयने पैसे देणं, रेल्वेचं तिकीट पाहणं याला अगदी किरकोळ डेटा लागतो. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण पाव ते अर्धा जीबी. सिनेमा-मालिका पाहिली तर साध्या चित्राला तासाला अर्धा ते एक जीबी आणि एचडी चित्राला त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे खादाड कोण, तर चित्र. चित्र घरच्या वायफायवर पाहत असाल तर मोठी योजना घेण्यात काही अर्थ नाही. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करता येतं, ते आधी करून टाका. सुप्रभातचे शंभर गुलाब आपल्या खर्चाने कशाला उतरवायचे?

पण उलटही असतं, तेही सांगायला हवं. आमच्या शेजारणीकडे वायफाय नाही. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, रोज तीन-चार तास फोनवरच शिकते. माझी वही पाहून ही बाई म्हणाली, "मीही एक जीबीचंच घेते आता." मी म्हटलं, थांब! एक जीबी दुपारीच संपेल, नंतर वेग इतका मंदावेल की शिकवणाऱ्याचं तोंड हललेलं दिसायचं नाही. मग वरून डेटाचे छोटे रिचार्ज मारत बसाल, ते पडतात महाग. तिला रोजचे दोन-अडीच जीबीच लागतात, आणि तिथे पैसे घालायलाच हवेत. पोरीच्या अभ्यासात कसली काटकसर! अर्थात दोन-तीन माणसं त्याच फोनच्या डेटावर पाहणारी असली तर महिन्याच्या वायफायचा भाव काढून पाहावा, कधी कधी तोच स्वस्त पडतो.

आता मुदतीचं. अठ्ठावीस दिवस म्हणजे महिना, असं आपण धरून चालतो. पण २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात! समजा एक रिचार्ज ३०० रुपयांचा, तर वर्षाचे ३६०० नव्हे, ३९०० झाले. तीन फोनांवर नऊशे रुपये जादा. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि निदान जावयाला अनारसे तरी मिळतात. हा दर वर्षी येतो आणि अनारसेही नाहीत. २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, प्रत्येक कंपनीला तीस दिवसांची आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारी निदान एकेक योजना ठेवायला लावली. ती मागून घ्यावी लागते. दोन योजनांची तुलना करताना किमतीला दिवसांनी भागा, म्हणजे रोजचा भाव कळतो. मोठ्या आकड्यांनी मग डोळे दिपत नाहीत.

'अमर्यादित ५जी' असंही मोठ्या अक्षरांत असतं. पण फोन ५जीचा हवा, आपल्या गल्लीत ते पोचायला हवं, आणि बहुधा वरच्या किमतीच्या योजनेतच ते मिळतं. आमच्या ह्यांचा फोन ४जी, त्यांना त्याचा उपयोग शून्य.

सासूबाईंसारख्यांसाठी मात्र एक चांगली सोय झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला, की नुसतं बोलणं आणि एसएमएस, डेटा नाही, अशी निदान एक योजना प्रत्येक कंपनीने द्यावी. अशा रिचार्जची मुदतही नव्वद दिवसांवरून वर्षभरापर्यंत वाढवायला परवानगी दिली. ही योजना जाहिरातीत झळकत नाही, मला ती हुडकायला बराच वेळ लागला. घेण्यापूर्वी थोड्या डेटाच्या योजनेशी किंमत ताडून पाहा, कधी फरक थोडाच असतो. आणि ज्यांना बाजारात यूपीआयने पैसे द्यावे लागतात, त्यांनी ती घेऊ नये. पेन्शनच्या बँकेचा ओटीपी मात्र एसएमएसने येतो, तेव्हा तो यावर चालतो. फोन पुरता बंद पडला की तोही अडतो, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं!

भाव कितीही चांगला असला तरी स्वयंपाकघरात रेंज येत नसेल तर काय उपयोग? शेजारीपाजारी कुणाचा फोन नीट लागतो ते विचारा. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. पोर्ट हा इंग्रजी शब्द आणि आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करायचा.

आमचं असं ठरलं. मी आणि हे रोज एक जीबीच्या योजनेवर आलो. (हे आठवडाभर कुरकुरले. मग क्रिकेट वायफायवर पाहू लागले.) सासूबाईंना नुसत्या बोलण्याची वर्षाची योजना घेतली. एकदम पैसे गेले खरे, ते मी माझ्या शाळेच्या पगारातून दिले. तिघांच्या मुदतीच्या तारखा आता कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लाल शाईने लिहिलेल्या आहेत. सासूबाईंची तारीख त्यांनी स्वतःच लिहिली, आणि चष्मा लावून ती मावशींना फोनवर वाचूनही दाखवली.