लेबर कॅम्पही तपासा

बांधकामावरच्या सुरक्षेचा विषय निघाला की आपण हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि जाळीबद्दल बोलतो. ते हवंच. पण काम सुटलं की आपली चर्चा थांबते. मजूर मात्र साइटवरच राहतो.

29 जून 2019 च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. 15 जण दगावले. त्यांत लहान मुलंही होती. बहुतेक कुटुंबं बिहारमधून आलेली. तीनच दिवसांत आंबेगावला तशाच भिंतीखाली आणखी 6 जण गेले. हेल्मेटने यांतलं कुणी वाचलं नसतं.

मजुरांना साइटवर किंवा जवळपास मोफत निवारा, स्वयंपाक, अंघोळ आणि शौचालयाची सोय देणं 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकाचं काम ठरवलं. प्रत्यक्षात उरलेल्या जागेत, भिंतीला टेकून किंवा खड्ड्याच्या काठावर पत्रे ठोकले जातात. पावसात माती भिजली की भिंतीवर दाब वाढतो, आणि शेजारी खोदकाम असेल तर तिचा आधार सुटतो. इंजिनिअरला हे ठाऊक असतं.

माझी मागणी साधी आहे. परवानगीच्या नकाशातच लेबर कॅम्पची जागा दाखवावी आणि पावसाळ्यापूर्वी पालिकेने ती तपासावी. फ्लॅट घेणाऱ्या आपणही सॅम्पल फ्लॅट पाहून झाल्यावर त्या खोल्यांपर्यंत चालत जावं. मजुराचा प्रश्न बिल्डर टाळू शकतो. गिऱ्हाइकाचा टाळणं त्याला जड जातं.