‘बिडी सोडा’ म्हटल्यावर

‘बिडी सोडा’ एवढे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारायची, ही आपल्यापैकी बहुतेकांची सवय. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातले ५५.४ टक्के धूम्रपानकर्ते सोडायच्या विचारात होते. दवाखान्यात गेलेल्यांपैकी तसा सल्ला मात्र ४८.८ टक्क्यांनाच मिळाला होता.

त्याच सर्वेक्षणात सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के, बिडीवाले ७.७ टक्के. गरीब माणूस अडाणीपणामुळे बिडी ओढतो, हे आपले जुने, सोयीचे निदान. मजूर नाक्यावरच्या बिगाऱ्याला विचारा. बिडीने भूक मरते, शीण जातो आणि मुकादम बिडीपुरता दम घेऊ देतो, असे तो सांगेल. भुकेचे खरे आहे, निकोटीन ती दाबतेच. शीण बराचसा आधीच्या बिडीचा अंमल उतरल्याचा असतो, हे त्याला समजावता येते. दम घेण्याच्या हक्कावर मात्र आपल्याकडे गोळी नाही.

बिडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त. आणि फटका शरीरापुरता थांबत नाही, खिशालाही बसतो. तंबाखूवरचा आणि त्यातून उद्भवलेल्या आजारांवरचा खर्च कुटुंबाच्या हिशोबातून वजा केला, तर २००४-०५ मध्ये देशातले आणखी सुमारे दीड कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली जात होते, असे अभ्यासकांनी मांडले आहे. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले. बिड्या वळणाऱ्या बायकांची रोजीरोटी हे कारण खोटे नाही. पण त्यांची मजुरी वाढवायला बिडी स्वस्त करावी लागत नाही.

त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान ३.८ टक्केच होते, म्हणून हुरळून जाऊ नये. धूरविरहित तंबाखूचे प्रमाण इथे २४.४ टक्के होते. बिडी सोडलेला रुग्ण चुना मळू लागला नाही ना, हे पुढच्या खेपेला विचारावे.

पहिली बिडी उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल, तर नुसता उपदेश सहसा पुरत नाही. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. बिडीला रोज सुटे पैसे पुरतात. ती सोडवायला लागणाऱ्या निकोटीन च्युइंगमचा काही आठवड्यांचा खर्च मात्र रोजंदारीवाल्याला झेपत नाही. असा निकोटीन पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे. सरकारी सेवेतल्या वाचकांनी तो येत्या मागणीपत्रात लिहावा. पुरवठा नाकारला गेला, तर ते उत्तर लेखी घेऊन आमच्याकडे पाठवावे, छापू.