टक्केवारीचे वाण्याचे हिशेब पुरे!

व्हॅलोरंटचा नवा पॅच आला की दोन टोळ्या हमखास उभ्या राहतात. पहिली म्हणते, "कूलडाऊन ५० टक्क्यांनी वाढवला, एजंट मेला, गेम संपला." दुसरी म्हणते, "हॅ, दहा सेकंदांनी काय होतंय? जरा नेम धरायला शिका." मुंबई सर्व्हरवर रात्री अकरानंतर दोन्ही टोळ्यांचे प्रवचनकार मुबलक भेटतात. माझं म्हणणं असं की दोघंही चुकतात, आणि एकाच कारणाने चुकतात: आकडा वाचतात, पण घड्याळ बघत नाहीत.

आधी घड्याळ बघूया. राउंड १०० सेकंदांचा. स्पाइक लावायला ४ सेकंद, लावल्यावर फुटायला ४५, डिफ्यूज करायला ७. कूलडाऊन मोजायचा तो या आकड्यांशी. "आधीपेक्षा किती टक्के जास्त" हा हिशेब वाण्याच्या दुकानात ठीक आहे, इथे नाही.

आता उदाहरण घ्या. मार्च २०२२ च्या ४.०४ पॅचमध्ये अ‍ॅस्ट्राच्या ग्रॅव्हिटी वेलचा कूलडाऊन २५ वरून ४५ सेकंद झाला. समजा, साइटवर घुसताना, म्हणजे स्पाइक लागायच्या २० सेकंद आधी तुम्ही ते वापरलंत. जुन्या हिशेबात स्पाइक लागल्यावर ५ सेकंदांत ते परत हातात. घुसायलाही वापरा, राखायलाही वापरा, मज्जाच मज्जा. नव्या हिशेबात ते परत येतं २५ सेकंदांनी. मधल्या वेळात समोरचे पाच जण रिटेकला येऊन, डिफ्यूज करून मोकळे! म्हणजे कॅप्टनला आता एकच प्रश्न: घुसायला खर्च करू की राखायला ठेवू? आणि समोरच्या संघालाही नवं काम लागलं. वेल गेलं की मनात मोजायचं, आणि ते परत यायच्या आत रिटेक मारायचा. हा नुसता नर्फ नाही, सगळी प्लेबुक नव्याने लिहायची वेळ आहे. त्याच पॅचमध्ये तिचे तारेही पाचावरून चार झाले, त्यामुळे चैन दोन्हीकडून बंद. २०२१ मध्ये मोठ्या स्पर्धांत जिथे तिथे दिसणारी अ‍ॅस्ट्रा नंतर बरीच कमी झाली, यात नवल ते काय?

आता उलटं उदाहरण. ऑगस्ट २०२२, पॅच ५.०३. चेंबरच्या टेलिपोर्टचा कूलडाऊन २० वरून ३० सेकंद. टक्केवारीवाल्यांनी लगेच सुतक पाळलं. पण चेंबर टेलिपोर्ट वापरतो कशाला? ऑपरेटरने पहिली गोळी झाडायची आणि सटकायचं. ते काम राउंडच्या सुरुवातीलाच उरकतं. पुढची भेट विसाव्या सेकंदाला होते की तिसाव्या, याने फारसं अडत नाही. त्या बदलात खरी धार होती ती वेगळ्या ओळीत: अँकर फोडला तर ४५ सेकंद. तिथे प्रतिस्पर्ध्याला काहीतरी करायला मिळालं. तरीही ३१ ऑगस्टला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स सुरू झाली, तेव्हा संघ चेंबरला घेतच होते.

चेंबर खाली उतरला तो डिसेंबर २०२२ च्या ५.१२ मध्ये. दोन अँकरचा एक झाला, सापळा त्याच्या आसपासच चालू लागला. म्हणजे सेकंद नाही, हत्यारच बदललं. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये साओ पावलोला लॉक-इन झाली, तिथे तो जवळजवळ दिसेनासा झाला.

तर मंडळी, कूलडाऊन वाढला म्हणजे एजंट मेला असं नसतं, आणि काहीच झालं नाही असंही नसतं. तो राउंडमधली कुठली रेघ ओलांडतो ते बघा. दोन कामांना पुरणारी वस्तू एकाच कामाला पुरू लागली, तर डावपेच बदलतात. नाही ओलांडली, तर नुसता आवाज.

"यात कौशल्य मरतं" म्हणणाऱ्यांना एक विचारतो. दर पंचवीस सेकंदांनी फुकट परत येणारी गोष्ट वापरण्यात कसलं आलंय कौशल्य? काउंटर-स्ट्राइकमध्ये ग्रेनेड फेकला की गेला, त्या राउंडपुरता कायमचा. म्हणून तिथले खेळाडू मूर्ख झाले का? उलट एकेका स्मोकसाठी जीव टाकतात. वस्तू दुर्मिळ झाली की निर्णय महाग होतो, आणि महाग निर्णय घेणं हेच तर व्यावसायिक खेळाडूचं काम.

माझी तक्रार आहे ती वेगळी, आणि ती रायटशी आहे. रेघ ओलांडणारे बदल मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर आणू नका. चेंबरचा ऑगस्टमधला बदल आणि चॅम्पियन्स एकाच महिन्यात आले. तेव्हा तो बदल नरम होता म्हणून निभावलं. अ‍ॅस्ट्रासारखा असता तर? वर्षभर घोटलेली टायमिंग्ज काही आठवड्यांत फेकून द्या, आणि हरलात तर "फॉर्म गेला" ऐकून घ्या. परीक्षेच्या महिन्यात सिलॅबस बदलणाऱ्या विद्यापीठाला आपण काय म्हणतो? तेच इथे म्हणायला का लाजायचं?

असो. पुढच्या पॅचला कुणी "पन्नास टक्के, पन्नास टक्के" म्हणून गळा काढला, तर एवढंच विचारा: स्पाइक लागल्यावर ते हातात असणार की नाही? उत्तर आलं तर चर्चा करा. नाही आलं तर म्यूट करा.