तिची फाईल, शेजाऱ्याची नजर

आपल्या कामाचं ऑफिस आता पिशवीत आलं आहे. अर्ज, जबान्या, डॉक्टरी दाखले, मारहाणीचे फोटो, सगळं लॅपटॉपमध्ये. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तशी आपली गावोगावची ये-जाही वाढली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या बायकांचे मुंबईचे खेटे वाचले. चांगलंच झालं.

पण कोर्टाच्या आवारात, चहाच्या गाड्यापाशी, मध्यवर्ती बस स्थानकाच्या बाकावर मी काय पाहते? उघडे लॅपटॉप. त्यावर बाईचं पूर्ण नाव, सासरचं गाव, नवऱ्याचं नाव आणि तिनं आईलाही न सांगितलेलं तिचं दुःख. शेजारी बसलेला माणूस चहा पीत पीत ते सगळं वाचतो आहे.

मोठ्या शहरात तो माणूस अनोळखी असेल. आपल्याकडे अनोळखी माणूस असतो कुठे? आडनाव आणि गाव कळलं की तिसऱ्या वाक्याला पाहुणेपण निघतं. माझ्या माहितीतल्या एका बाईनं अर्ज दिल्याची बातमी नोटिशीच्या आधी तिच्या सासरी पोचली. एक कार्यकर्ती गाडीत बसून तिचा अर्ज टाइप करत होती, तो शेजारच्या सीटवरून कुणीतरी वाचला होता. नोटीस पोचली तोवर कपाटातले तिचे दागिने आणि मुलांचे दाखले हलवले गेले होते. वाचणाऱ्याला दोन मिनिटं लागली असतील. ती बाई ते दागिने अजून मागते आहे.

यावर पहिला प्रश्न येतो तो नेहमीचा: "लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही काही पाप तर करत नाही ना?" हा प्रश्न विचारणारा स्वतःचं बँकेचं पासबुक बाकावर उघडं ठेवून जात नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हक्क वापरायला पाप करावं लागत नाही.

दुसरा प्रश्न आपल्याच मैत्रिणींचा आहे आणि तो जास्त मोलाचा आहे. "इतकी वर्षं आपण बायकांना बोला म्हणालो, जे खाजगी तेच राजकीय म्हणालो. आणि आता पुन्हा झाकायला शिकवायचं?"

मैत्रिणींनो, मौन आणि गुप्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'घरची बाब' म्हणून जी झाकली जाते, ती गुप्तता मारणाऱ्याच्या सोयीची असते. ती मोडायचं काम याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली केलं, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा करून. आपण आज ज्या गुप्ततेबद्दल बोलतो आहोत ती बाईच्या सोयीची. कुणाला सांगायचं, किती सांगायचं, कधी सांगायचं, हे तिनं ठरवायचं. तिनं भर सभेत बोलायचं ठरवलं तर आपण तिच्याबरोबर उभ्या राहू. पण ते ठरवणं बाकावरच्या शेजाऱ्याच्या हाती कसं देणार?

आपला इतिहासही हेच सांगतो. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल आला, त्याविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. त्याच दुरुस्तीनं बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं गुन्हा ठरवलं. आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तक्रारदाराचं नाव जाहीर करायला मनाई करतो. दार बंद करून घेतलेली जबानी आपण एस.टी.त उघडी ठेवायची, तर हे कायदे मिळवले कशासाठी?

काहीजणी म्हणतील, डोकावणारा तो, मग सावध राहायचं बाईनंच? राग रास्त आहे. दुसऱ्याच्या पडद्यात डोळे घालणाऱ्याला तिथल्या तिथे मोठ्यानं टोकायलाच हवं. पण ती फाईल आपली नाही. ज्या बाईनं ती विश्वासानं दिली, तिचं नुकसान आपल्या रागानं भरून येत नाही.

म्हणून मी ओझं एकट्या कार्यकर्तीवर टाकत नाही. ती बस स्थानकावर का टाइप करते? कारण संस्थेकडे बसायला खोली नाही आणि अहवाल मात्र संध्याकाळपर्यंत हवा असतो. अहवाल मागणाऱ्यांनी खोलीचे आणि साधनांचे पैसेही द्यावेत. पडद्यावर लावायची गोपनीयतेची फिल्म मिळते. तिच्यातल्या बारीक उभ्या पट्ट्यांमुळे पडदा समोरूनच दिसतो, बाजूनं पाहणाऱ्याला काळा दिसतो. मात्र अगदी पाठीमागून वाचणाऱ्याला ती अडवत नाही, म्हणून भिंतीला पाठ लावूनच बसावं. उजेड कमी, अक्षर लहान. पडद्यावर उमटणारे निरोप बंद. उठताना लॅपटॉप कुलूपबंद करावा. विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबलं की झालं. फाईलला नावाऐवजी नंबर द्यावा आणि नावांची वही ऑफिसात कपाटात राहावी. आणि जबानी, फोटो, दाखले चारचौघांत उघडूच नयेत. प्रवासात हिशेब करा, पत्रकं लिहा.

हे सगळं जमायला एक दुपार पुरते. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढे तीन ठराव करावेत: बाईला तिची माहिती कुठे आणि कशी ठेवतो ते आधी सांगायचं, जबानी सार्वजनिक जागी उघडायची नाही, आणि फिल्मचा, खोलीचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या पानावर घालायचा. जी देणगीदार संस्था हा खर्च नाकारेल, तिला त्या बाईच्या दागिन्यांची गोष्ट सांगा. नाव न सांगता.