घरपट्टी माफ झाली, पण घर कोणाचे?

२०२० च्या सप्टेंबरात, कोरोनाची साथ ऐन भरात असताना, महाराष्ट्र शासनाने माजी सैनिकांसाठी एक निर्णय जाहीर केला. घरपट्टीतली सवलत तोवर शौर्यपदक मिळवलेले सैनिक आणि त्यांच्या पत्नी यांच्यापुरतीच होती. ती आता राज्यातल्या सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मिळणार होती. योजनेला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्यात आले आणि गावोगावी सत्काराचे फलक लागले. साथीच्या काळात स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत माजी सैनिकांच्या घरापर्यंत काही पोचवू पाहणारा हा ठळक निर्णय होता, यात शंका नाही. त्याला विरोध करण्याचे कारणही नाही. पण मैत्रिणींनो, कोणतीही योजना आली की आपण जो प्रश्न विचारत आलो, तो इथेही विचारायला हवा. यातले बाईच्या हातात काय पडले?

घरपट्टी माफ होते ती ज्याच्या नावावर घर आहे त्याची. ग्रामपंचायतीच्या करआकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, घराचा मालक म्हणून कोणाचे नाव आहे? सैनिक बावीस-पंचवीस वर्षे बाहेर राहिला, तेव्हा घर सासऱ्याच्या नावावर होते. सासरा गेल्यावर ते थोरल्या दिराच्या नावावर चढले. सैनिक निवृत्त होऊन आला आणि एकत्र घरातल्या दोन खोल्यांत राहू लागला. वाटणी तोंडी झाली. मग साथीत तो गेला. आता त्या दोन खोल्यांत राहणारी त्याची विधवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात कुठेच नाही. सवलत तिच्या नावाने आहे, पण घर तिच्या नावाने नाही. मग माफ काय होणार?

हा प्रश्न शासनाला ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. शेतकरी महिलांच्या आंदोलनातून लक्ष्मीमुक्तीचा विचार पुढे आला, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ झाला. गावठाणातले घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावावे, अशा ‘घर दोघांचे’ या धोरणालाही वीसहून अधिक वर्षे झाली. ते मनावर घेऊन राबवले गेले असते, तर २०२० ची करमाफी आपोआप बाईपर्यंत पोचली असती. एक काम अर्धवट सोडायचे आणि त्याच्यावर दुसऱ्या योजनेचा इमला चढवायचा, असे होत गेले.

साताऱ्यातली मिलिटरी अपशिंगे, शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी ही गावे आपल्याला नावाने ठाऊक आहेत. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जण कामी आले. अशा गावांच्या वेशीवर स्मारके असतात आणि त्यांवर पुरुषांची नावे असतात. पण त्या पुरुषांच्या मागे घर, शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि पोरे यांचा गाडा कोणी ओढला, ते कोणत्याच दगडावर कोरलेले नसते. सैन्याची नोकरी ही गावाकडच्या बाईच्या बिनपगारी कष्टावर उभी आहे, हे एकदा स्वच्छ म्हटले पाहिजे. मग साथीत तिला जी मदत हवी होती ती उपकार नव्हे, ती देणे होती.

आता प्रत्यक्ष साथीत काय झाले ते पाहू. माजी सैनिकांच्या औषधोपचारासाठी ‘ईसीएचएस’ ही योजना २००३ पासून आहे. तिचे दवाखाने मोठ्या गावांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत देशातल्या ५१ दवाखान्यांत जादा कंत्राटी कर्मचारी घेऊन ते रात्रीही चालू ठेवायचे ठरले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण एसटी बंद, नाक्यानाक्यावर अडवणूक, अशात खेड्यातली पासष्ट वर्षांची बाई तिथवर जाणार कशी? तिच्या दारात आली ती आशाताई. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजन मोजणारी, तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी दुसरी एक बाई. सैनिक कल्याण विभागाच्या याद्या एका कार्यालयात, आशाताईंच्या वह्या दुसरीकडे. दोन्ही समोरासमोर ठेवल्या असत्या, तर कोणत्या गावात कोणती म्हातारी विधवा एकटी राहते ते एका दिवसात कळले असते. पैसा लागला नसता, आदेश लागला असता.

उलट माजी सैनिकांकडे पाहिले गेले ते मनुष्यबळ म्हणून. त्यांनी स्वयंसेवक व्हावे, अशी आवाहने झाली. पंजाबात गावागावांतून माहिती गोळा करण्यासाठी सुमारे ४,२०० माजी सैनिकांची मदत घेण्यात आली. शिस्तीची माणसे कामाला लावली यात गैर काही नाही. पण ‘माजी सैनिक’ म्हटले की प्रशासनाच्या डोळ्यांसमोर एक धडधाकट पुरुष उभा राहतो. त्याची म्हातारी बायको, विधवा सून, परत माहेरी आलेली मुलगी यांपैकी कोणी उभे राहत नाही.

खरी फरफट सुरू झाली ती नवरा गेल्यावर. निवृत्तिवेतनधारक गेला की त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते किमान महिना ९,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. पण ते सुरू व्हायला पीपीओवर तिचे नाव हवे आणि ते आधार कार्डाशी जुळायला हवे. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, तर नावही बदलण्याची रीत आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आणि नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकात लष्करातल्या कारकुनाने ऐकून लिहिलेले तिसरेच. ज्या प्रथेने तिची ओळख पुसली, तीच प्रथा तिच्या पेन्शनच्या आड आली. दुरुस्ती हवी तर प्रतिज्ञापत्र करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, मग कागद रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा सैनिक असेल तर बेळगाव, महार रेजिमेंटचा असेल तर थेट मध्यप्रदेशातले सागर. टाळेबंदीत नोटरी मिळेना, टपाल वेळेवर पोचेना, कार्यालयांत हजेरी कमी. केंद्र सरकारने २०२० साली हयातीच्या दाखल्याची मुदत वाढवून २०२१ च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत नेली. त्याचा उपयोग ज्यांचे पेन्शन चालू होते त्यांना झाला. जिचे सुरूच व्हायचे होते तिला मुदतवाढीचा काय उपयोग?

या मधल्या महिन्यांत ती जगली कशावर? तहसीलदार कचेरीत गेली तर उत्तर मिळणार, तुम्ही पेन्शनवाल्या. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा त्या वेळी वर्षाला २१,००० रुपये होती, म्हणजे तिचे नाव बाद. सैनिक कार्यालयात गेली तर फाईल वर गेली आहे. शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोरोनाने विधवा झालेल्या बायकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले, तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. कल्पना चांगली होती. पण माजी सैनिकाची विधवा त्या यादीत क्वचितच शोधली गेली, कारण तिचे पाहणारे वेगळे खाते आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले. कोरोनामृत्यूच्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज ऑनलाइन. ज्या गरीब माजी सैनिकांना वा त्यांच्या विधवांना पेन्शनच नाही, त्यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे अनुदान आहे. साथीच्या वर्षांत ते महिना ४,००० रुपये होते, २०२५ च्या ऑक्टोबरात ते दुप्पट करण्याचा निर्णय झाला. त्याचाही अर्ज ऑनलाइन. मोबाइल मुलाच्या हातात, पासवर्ड पुतण्याच्या डोक्यात आणि अंगठा तेवढा बाईचा!

आणि गावात दाद मागायची तर कोणाकडे? साथीत ग्रामसभा बराच काळ भरल्याच नाहीत. १४ हजारांवर ग्रामपंचायतींच्या मुदती संपून तिथे प्रशासक बसले. निवडणुका झाल्या त्या २०२१ च्या १५ जानेवारीला. अर्ध्या जागा आपल्या बायकांच्या, हा हक्क आपण लढून मिळवला. पण गरज सर्वांत जास्त होती त्या महिन्यांत तिथे सदस्यच नव्हत्या.

आपल्यातल्या काही जणी विचारतात, मीही ते अनेक बैठकांत ऐकले आहे, की सैनिकाच्या बायकोला निदान पेन्शन तरी आहे. ऊसतोड करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या विधवेला काय आहे? आणि युद्धाचा विरोध करणाऱ्या आपण सैनिकांच्या सवलतींसाठी का भांडायचे? प्रश्न खोटा नाही. पण एकीचे पेन्शन हे दुसरीच्या उपाशी राहण्याचे कारण नसते. जिला हक्क कायद्याने दिलेला आहे तिच्याही हातात तो पडत नसेल, तर जिला दिलेलाच नाही तिची लढाई किती लांबची, हेच यातून दिसते. दोघींची मागणी एकच आहे: नवऱ्याच्या मरणानंतर बाईला कोणाच्या दयेवर जगावे लागू नये.

शिवाय युद्धाचा उदोउदो आणि बाईचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्याच नव्हे, विरुद्ध आहेत. सीमेवर मेला तर त्याची बायको ‘वीरपत्नी’. तोच निवृत्तीनंतर तालुक्याच्या कोविड सेंटरमध्ये श्वास कोंडून मेला तर ती नुसती विधवा. गौरव हवा तर मरणही शासनाला पसंत पडेल असे हवे! आणि गौरवालाही अटी होत्या. शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद होई. फक्त मेलेल्या नवऱ्याच्या भावाशी लग्न केले तर चालू राही. ही दिराची अट काढायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. पैसा घरात राहावा आणि बाईही घरातच राहावी, असा तो कायदा होता. घरपट्टीच्या माफीत घर कोणाचे हे न विचारणे, हे त्याच विचाराचे सौम्य रूप आहे.

शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे बंद. त्यामागे कोरोनात तरुण वयात विधवा झालेल्या बायकांचे दुःख होते. त्याच महिन्यात शासनाने सर्व ग्रामपंचायतींना हे अनुकरण करायला सांगितले. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर काय होते त्याचे हे उदाहरण. कपाळावरचे कुंकू राहिले, आता नमुना ८ वर नाव लागू द्या.

म्हणून माझे म्हणणे असे. पहिले, करमाफी मागायला येणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाच्या घरावर ग्रामपंचायतीने त्याच अर्जासोबत पत्नीचे नाव लावून घ्यावे. एकत्र घरातल्या विधवेच्या राहत्या खोल्यांची वेगळी नोंद करावी. दुसरे, गावातल्या सर्व एकट्या बायकांची, मग ती सैनिकाची विधवा असो, शेतमजुराची असो की टाकलेली असो, एकच नोंदवही ठेवावी आणि साथ, महापूर, दुष्काळ यांत ती आशाताईच्या हाती द्यावी. तिसरे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातून एकदा तालुक्याला येऊन नावदुरुस्तीचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत. चौथे, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत विधवेला हंगामी मदत मिळावी. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा १० टक्के निधी शिलाई यंत्रे वाटण्यातच का संपावा?

शासन हे आपणहून करील असे मला वाटत नाही. म्हणून आपल्या गटांनी पुढच्या ग्रामसभेत एक साधे काम करावे. नमुना ८ ची नोंदवही मागावी, मोठ्याने वाचायला लावावी, आणि किती घरे बायकांच्या नावावर आहेत ते मोजावे. सैनिकांच्या घरांपासून सुरुवात करावी, कारण तिथे करमाफीचा आदेश आधीच आपल्या हातात आहे.