बोट जपली, खलाशांचे काय?

"मासळीचा वास मारणारी बोट कसली जपायची? संग्रहालय असावे ते तलवारींचे, तोफांचे!" आमच्या शिक्षकखोलीत एका सहकाऱ्याने हे ऐकवले आणि मधल्या सुट्टीचा चहा निवून गेला.

विषय होता इंग्लंडातील हल बंदराच्या 'आर्क्टिक कॉर्सेअर' या ट्रॉलरचा. १९६० साली बांधलेली ही बोट १९९३ साली नगरपालिकेने विकत घेतली आणि १९९९ साली ती संग्रहालय म्हणून खुली झाली. जाळे बाजूने ओढायचे. म्हणजे खलाशी उघड्या डेकवर, बर्फाळ लाटा अंगावर घेत राबणार. अशी बोट जपलीच पाहिजे. माझी तक्रार निराळी आहे.

तिची कथा सांगताना रंगवतात ती १९७६ च्या कॉडयुद्धातली, आइसलँडच्या 'ओदिन' गस्तीनौकेशी झालेली टक्कर. (ती 'ओदिन'ही आता रेक्याविकला संग्रहालय होऊन बसली आहे. दोन्ही वैरिणींची सोय झाली!) पण खलाशांचे काय? १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हलचे तीन ट्रॉलर बुडाले, ५८ माणसे गेली. त्यातल्या एकावर रेडिओ ऑपरेटरसुद्धा नव्हता. मासळीच्या कारखान्यात राबणारी लिलियन बिलोका डोक्याला रुमाल बांधून उठली, बायकांना घेऊन लंडनपर्यंत गेली आणि सुरक्षेच्या मागण्या मान्य करवून आली. बक्षीस काय? नोकरी गेली.

१९७६ नंतर आइसलँडचे पाणी बंद झाले, धंदा बसला. वर्षानुवर्षे राबलेल्यांना 'तुम्ही तर तात्पुरते मजूर' म्हणून नुकसानभरपाई नाकारली. सरकारची भरपाई योजना आली ती २००० साली! म्हणजे सोय आधी बोटीची लागली, माणसांची मागाहून. आणि तोवर त्यांतले कित्येक वारलेही होते.

वाचकहो, ही साहेबाच्या देशातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. गोव्यात, रत्नागिरीत ट्रॉलरवर राबणारे कितीतरी खलाशी आज परप्रांतांतून येतात. उद्या आपणही एखादा ट्रॉलर रंगवून किनाऱ्यावर ठेवू, फीत कापू. फलकावर मालकाचे नाव येईल, मंत्र्यांचे येईल. जाळे ओढणाऱ्याचे नाव लिहायचे म्हटले, तर त्याचे हजेरीपत्रक तरी कोणाकडे सापडेल? सहकाऱ्याला मी एवढेच विचारले.

त्याने चहा पुन्हा सांगितला.